स्त्रीच्या इच्छेचे चित्रपट एकत्र बसून कसे पाहावेत

गोव्यातील एखाद्या वाचनालयाने किंवा महिला मंडळाने महिन्याकाठी एक चित्रपट दाखवून त्यावर चर्चा घडवण्याचे ठरवले, आणि त्यासाठी भारतीय चित्रपटांतील स्त्रीची कामेच्छा व धीट स्त्री-भूमिका हा विषय निवडला, तर आयोजकांपुढे पहिल्याच बैठकीत दोन प्रश्न उभे राहतात. कोणते चित्रपट घ्यावेत, हा पहिला. आणि एकाच वाड्यावरच्या सासवा, सुना, नणंदा, शिक्षिका आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी एका खोलीत बसलेल्या असताना या विषयावर संकोच न बाळगता बोलावे कसे, हा दुसरा. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे आणि पुष्कळदा त्याच्या धास्तीनेच विषय बाजूला पडतो. तो बाजूला पडू देऊ नये, असे मला मनापासून वाटते. ज्या गोष्टीवर घरात बोलता येत नाही आणि मैत्रिणींत केवळ कुजबुजता येते, तिच्यावर पडद्यावरच्या एका काल्पनिक बाईच्या निमित्ताने शांतपणे विचार करता येतो, आणि तसा विचार चारचौघींत बसून करण्याची संधी आपल्याकडे फार थोड्या जणींना मिळते.

आधी निकष ठरवावा

एखाद्या भूमिकेला धीट म्हणताना बहुतेक वेळा तिचे कपडे पाहिले जातात, चुंबनदृश्ये आणि शय्यादृश्ये मोजली जातात. मंडळाने हा हिशेब पहिल्याच दिवशी बंद करावा. त्याऐवजी प्रत्येक चित्रपटाला एक प्रश्न विचारावा: या स्त्रीला स्वतःला काय हवे आहे, आणि तिला ते हवे आहे म्हणून कथेत काही घडते का? ज्या नृत्यगीतात नर्तकीच्या अंगप्रत्यंगावरून कॅमेरा फिरतो, पण ती कोण, कुठून आली आणि गाणे संपल्यावर तिचे काय झाले याचा कथेला पत्ताच नसतो, तिथे कितीही उघडे अंग दिसले तरी तिची इच्छा कुठेच दिसत नाही. याउलट नऊवारी नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली स्त्री सारी कथा आपल्या इच्छेने हलवू शकते.

हा निकष सभासदांच्या लक्षात आणून देण्यासाठी व्ही. शांताराम यांच्या 'कुंकू' या 1937 सालच्या चित्रपटाइतके चांगले उदाहरण नाही. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते, आणि शांता आपटे यांनी हा नकार रडून नव्हे तर मान ताठ ठेवून वठवला आहे. पुष्कळांना हा चित्रपट विषम विवाहाच्या सामाजिक प्रश्नाचा वाटतो, आणि तो तसा आहेही. पण नीरेचा नकार मुळात स्वतःच्या शरीरावरचा हक्क सांगणारा आहे, हे चर्चेत स्पष्टपणे मांडावे. आपल्या विषयाची सुरुवात 'हो' म्हणणाऱ्या बाईपासून न करता 'नाही' म्हणणाऱ्या बाईपासून केली, की खोलीतल्या सर्वांत बुजऱ्या सभासदालाही बोलण्यासाठी काहीतरी सापडते. म्हाताऱ्याच्या समंजस मुलीचे काम यात शकुंतला परांजपे यांनी केले होते आणि संततिनियमनाचा प्रसार हे त्यांचे स्वतःचे आयुष्यभराचे कार्य होते, हेही आवर्जून सांगावे. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक विषयांवरचे मासिक चालवत होते त्याच काळातला हा चित्रपट आहे, म्हणजे स्त्रीच्या लैंगिक हक्कांविषयीची मराठी चर्चा परक्या मुलखातून परवा आलेली नाही, एवढे एका संध्याकाळी लक्षात आले तरी पुष्कळ झाले.

निकषाची दुसरी बाजू समजण्यासाठी रवी जाधव यांचा 'न्यूड' उपयोगी पडतो. मुंबईच्या कला महाविद्यालयात चित्रकारांसमोर विवस्त्र बसून मुलाला वाढवणारी यमुना त्यात आहे. तिथे शरीर पूर्ण उघडे आहे, पण प्रश्न इच्छेचा नसून कष्टाचा, मजुरीचा आणि प्रतिष्ठेचा आहे. उघडे शरीर आणि कामेच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून फार स्वच्छ कळते. गोव्याशी या चित्रपटाचा एक संबंधही आहे: 2017 साली पणजीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातील इंडियन पॅनोरमा विभागासाठी परीक्षकांनी त्याची निवड केली होती, परंतु केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो यादीतून काढला, आणि परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी तो चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला.

चित्रपट कोणत्या क्रमाने घ्यावेत

वर्षाला आठ ते दहा चित्रपट पुरतात. कालक्रमाने जाण्याची गरज नाही. पण सर्वांत वादग्रस्त चित्रपट आधी लावून गर्दी जमवण्याचा मोह टाळावा, कारण तशी जमलेली गर्दी दुसऱ्या महिन्यात येत नाही आणि गंभीर सभासद मात्र पहिल्याच दिवशी दुरावतात.

'कुंकू'च्या पाठोपाठ 'ब्रह्मचारी' घ्यावा. आचार्य अत्रे यांचे लेखन आणि मास्टर विनायक यांचे दिग्दर्शन असलेल्या या 1938 सालच्या विनोदी चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात 'यमुनाजळी खेळू खेळ' गातात, आणि त्या पोशाखाची चर्चा पुढे कित्येक दशके चालली. हे उदाहरण मुद्दाम घ्यावे, कारण ते सोपे नाही. एकीकडे प्रेक्षकाच्या नजरेसाठी नायिकेचे शरीर मांडलेले आहे. दुसरीकडे ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या तरुणाला हेतुपुरस्सर खेळात ओढणारी तीच आहे, आणि सारे गाणे तिच्या पुढाकाराने चालते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मान्य करायला मंडळ शिकले की पुढची चर्चा सुखाची होते. शिवाय हा चित्रपट पाहताना सगळे हसतात, आणि या विषयावर एकत्र हसता येणे फार महत्त्वाचे आहे.

त्यानंतर स्मिता पाटील यांचे तीन चित्रपट सलग घ्यावेत. जब्बार पटेल यांच्या 'जैत रे जैत' (1977) मधली चिंधी ठाकर समाजातली आहे. ती लग्नाचा नवरा सोडून नाग्याकडे येते, आणि हे करताना तिला कुठलाही न्यूनगंड नाही. मराठी चित्रपटातली ही मला सर्वांत निरोगी प्रेयसी वाटते. ना. धों. महानोर यांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत सर्वांच्या ओठांवर असते, पण त्या गाण्यांत स्त्रीच्या शरीराचा आनंद किती उघडपणे आला आहे याकडे लक्ष गेलेले नसते. तेव्हा गाणी आधी शब्दांसह वाचून दाखवावीत. त्याच वर्षीचा श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेला आहे. हे पुस्तक वाचनालयात बहुधा असतेच, म्हणून चित्रपटाच्या आधीच्या आठवड्यात त्यातील काही पाने मोठ्याने वाचण्याचा कार्यक्रम ठेवावा. एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या उषाला नेमके काय हवे आहे, याचे उत्तर चित्रपट चटकन देत नाही, आणि सभासदांनीही ते चटकन देऊ नये. 'तिला सुख कशातच नव्हते' असे कोणी म्हटले, तर प्रत्येक पुरुषाने तिला काय दिले आणि काय काढून घेतले ते त्या व्यक्तीलाच क्रमाने सांगायला लावावे. तिसरा 'उंबरठा' (1982). संसार मागे ठेवून महिलाश्रमाच्या कामाला गेलेल्या सुलभाची ही कथा सर्वांना आठवते, पण आश्रमातील दोन स्त्रियांच्या एकमेकींविषयीच्या ओढीचा भाग सहसा कोणाला आठवत नाही. तो थांबवून पुन्हा पाहावा, आणि सुलभेसारखी उदार बाई त्या प्रसंगी कशी वागते यावर बोलावे.

यापुढे दोन विवाहबाह्य संबंधांच्या कथा एकमेकींशेजारी ठेवाव्यात. अरुणा राजे यांचा 'रिहाई' (1988) ज्या गावात घडतो तिथले पुरुष कामासाठी मुंबईला गेलेले असतात. बायकांनी मागे वाट पाहायची आणि पुरुषांनी शहरात काहीही करावे, या व्यवस्थेला हेमा मालिनी यांची टाकू प्रश्न विचारते आणि पोटातले मूल टाकायला नकार देते. ज्या गोव्यातून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष बोटीवर आणि आखातात नोकरीला गेले, तिथे हा चित्रपट समजावून सांगावा लागत नाही. महेश मांजरेकर यांचा 'अस्तित्व' (2000) मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत झाला; मराठी प्रत मिळवावी. तब्बू यांच्या आदितीचा एक जुना संबंध कित्येक वर्षांनी उघड होतो आणि नवरा व मुलगा तिच्यापुढे न्यायाधीश होऊन बसतात. हे दोन्ही पाहून झाल्यावर चर्चेचा रोख शेवटांकडे वळवावा. भारतीय चित्रपटात इच्छा व्यक्त करणाऱ्या स्त्रीला कथेच्या शेवटी बहुधा घर सोडावे लागते, एकटे राहावे लागते किंवा मरावे लागते. 'उंबरठा'ची सुलभा घराबाहेर पडते, आदिती घराबाहेर पडते, 'भूमिका'ची उषा एकटी उरते. हे बंडाचे चिन्ह आहे की शिक्षेचे, यावर मंडळात मतभेद होतील आणि ते व्हावेत. माझे मत असे, की घर सोडणे हा एकच सन्माननीय मार्ग दाखवत राहिल्याने चित्रपटांनी घरातल्या पुरुषाला बदलण्याच्या जबाबदारीतून मोकळे केले.

दीपा मेहता यांचा 'फायर' आणि अलंकृता श्रीवास्तव यांचा 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' हे दोन्ही शेवटच्या महिन्यांसाठी राखावेत. पहिल्यात एकाच घरातील दोन जावांचे परस्परांवरील प्रेम आहे. सेन्सॉरने संमत केलेला हा चित्रपट 1998 च्या नोव्हेंबरात भारतात लागला, डिसेंबरात मुंबईत त्याच्या खेळांवर हल्ले झाले, तो पुन्हा तपासणीसाठी पाठवण्यात आला आणि पुढल्या वर्षी काटछाट न होता पुन्हा प्रदर्शित झाला. दुसऱ्या चित्रपटाला 2017 च्या जानेवारीत प्रमाणपत्र नाकारले गेले, अपील न्यायाधिकरणाच्या आदेशाने तो त्याच वर्षी जुलैत आला. त्यातील पंचावन्न वर्षांच्या उषा बुआजींची (बुआ म्हणजे आत्या), म्हणजे रत्ना पाठक शाह यांची भूमिका आपल्या मंडळासाठी सर्वांत मोलाची आहे. प्रौढ विधवेला शरीर असते, ती लपवून शृंगारिक कादंबरी वाचते, पोहायला शिकवणाऱ्या तरुणाशी रात्री फोनवर बोलते. आणि हे उघड झाल्यावर घरचे तिची अब्रू रस्त्यावर मांडतात. तरुण सभासदांना इतर तीन नायिका जवळच्या वाटतील, परंतु खोलीतल्या वयस्क स्त्रिया ज्या चित्रपटानंतर सर्वांत अधिक वेळ थांबतील तो हाच असेल, म्हणून त्या दिवशी चर्चेला दुप्पट वेळ ठेवावा.

एक प्रसंग नीट पाहण्याची पद्धत

संपूर्ण चित्रपटावर बोलू लागले की चर्चा कथानक सांगण्यात आणि पात्रांना चांगले-वाईट ठरवण्यात वाहून जाते. म्हणून प्रत्येक बैठकीत पाच ते सात मिनिटांचा एक प्रसंग निवडून तो दोनदा पाहावा. पहिल्यांदा आवाजासह, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. ही सवय लागण्यासाठी सत्यजित राय यांच्या 'चारुलता' (1964) या बंगाली चित्रपटाची सुरुवात घ्यावी. भाषा येत नसली तरी चालते, कारण हा भाग जवळजवळ संवादांविना आहे.

एकोणिसाव्या शतकातील कोलकात्याच्या श्रीमंत घरातली चारू रुमालावर भरतकाम करते, पुस्तक चाळते, मग हातात दांडीची दुर्बीण घेऊन एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीकडे जात रस्त्यावरची माणसे न्याहाळते. थोड्या वेळाने तिचा नवरा व्हरांड्यातून जातो. तो वाचनात इतका गढलेला असतो की बायको समोर उभी आहे हे त्याला दिसत नाही. तो पाठमोरा दूर जाऊ लागतो तेव्हा ती तीच दुर्बीण डोळ्यांना लावून त्याच्याकडे पाहते.

हा प्रसंग थांबवून सभासदांना पुढील गोष्टी विचाराव्यात. कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे? आपल्याला रस्ता कोणाच्या डोळ्यांनी दिसला? चारूला कोणी पाहिले का? इतर चित्रपटांत नायिका पाहण्याची वस्तू असते आणि नायक पाहणारा असतो. इथे पाहणारी ती आहे, आणि तिच्या पाहण्यात कुतूहल, कंटाळा आणि भूक हे सारे आहे. पुढे बागेतल्या झोक्यावर बसून ती दिराकडे, अमलकडे, त्याच दुर्बिणीतून पाहते, तेव्हा तिच्या मनात काय जागे होत आहे हे तिने एक शब्दही न उच्चारता आपल्याला कळते. स्पर्श नाही, चुंबन नाही, पदर ढळलेला नाही. तरीही हा भारतीय चित्रपटातील स्त्रीच्या कामनेचा अत्यंत उत्कट प्रसंग आहे.

एकदा ही पद्धत हाती आली, की तीच इतरत्र वापरावी. शय्यादृश्य असेल तर कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर थांबतो, तिच्या की त्याच्या? तिच्या चेहऱ्यावर थांबत असेल, तर तिथे सुख दिसते, भीती दिसते, की केवळ सौंदर्य? दिवे मालवल्यानंतर कथा कोणाबरोबर जागी राहते? दुसऱ्या दिवशीची सकाळ दाखवली आहे का? जुन्या चित्रपटांत दोन फुले एकमेकांना टेकवून किंवा शेकोटीच्या ज्वाळा दाखवून वेळ निभावली जाई, त्याचीही टर न उडवता पाहावे; त्या संकेतांमागे सेन्सॉरचे नियम होते, आणि कुशल दिग्दर्शकांनी त्या बंधनात राहूनही पुष्कळ सांगितले आहे. याउलट आज जालावरच्या मालिकांत दाखवण्यावरचे बंधन सैल झाले आहे, पण म्हणून नायिकेचे मन अधिक दिसू लागले असे सरसकट म्हणता येत नाही.

पडद्यावरची गोव्याची मुलगी

गोव्यात ही चर्चा करताना एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. हिंदी चित्रपटाने बराच काळ घरंदाज नायिकेला इच्छेपासून दूर ठेवले आणि ती इच्छा क्लबमधल्या नाचणारीकडे सोपवली. या नाचणारीचे नाव पुष्कळदा ख्रिस्ती असे. 'कारवाँ' (1971) मध्ये हेलन यांच्या पात्राचे नाव मोनिका आहे, हे सर्वांना गाण्यामुळे ठाऊक असते. 'बॉबी' (1973) मध्ये गोव्याच्या ख्रिस्ती मच्छीमाराची मुलगी नायिका झाली, तिला प्रेम करण्याचा आणि ते बोलून दाखवण्याचा हक्क मिळाला, पण तिचे तोकडे कपडे आणि तिचा समाज यांची सांगड प्रेक्षकांच्या मनात आणखी घट्ट झाली. आपल्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांतील मुलींना बाहेरून आलेले पर्यटक आजही ज्या नजरेने पाहतात, तिच्यात या चित्रपटांचा वाटा आहे, असे मला वाटते. म्हणून या बैठकीला ख्रिस्ती मैत्रिणींना आवर्जून बोलवावे, त्या दिवशी चर्चा कोंकणीत चालू द्यावी, आणि त्यांना समाजाच्या प्रतिनिधी म्हणून उत्तरे द्यायला न लावता प्रेक्षक म्हणून बोलू द्यावे.

तुलनेसाठी श्याम बेनेगल यांचा 'त्रिकाल' (1985) घ्यावा. तो 1961 मधल्या, मुक्तीच्या उंबरठ्यावरच्या गोव्यातील एका जमीनदार ख्रिस्ती घराण्याची कथा सांगतो आणि लोटलीतील व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या घरी चित्रित झाला आहे. घरातल्या तरुण मुलीला जी सूट आणि जी लाज वाट्याला येते ती त्याच घरात राबणाऱ्या मुलीच्या वाट्याला कशी वेगळ्या रूपात येते, याकडे लक्ष द्यावे. हल्लीच्यांपैकी 'फाइंडिंग फॅनी' (2014) आणि 'डिअर जिंदगी' (2016) या दोन्हींत गोवा ही मोकळे होण्याची जागा आहे. पडद्यावरची नायिका इथे मोकळी होते, पण इथे जन्मलेल्या बाईला हा मोकळेपणा कितपत मिळतो, हा प्रश्न विचारायला आपल्याइतके योग्य लोक दुसरे नाहीत.

'भूमिका'च्या दिवशी अशीच काळजी घ्यावी. उषा ही जुन्या परंपरेतील गाणाऱ्या बाईची नात आहे. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर ज्या कलावंत समाजातून आल्या, त्या समाजातील स्त्रियांनी गोव्याला आणि साऱ्या देशाला संगीत दिले, आणि त्याच समाजातील कित्येकींना देवळाच्या व यजमानांच्या व्यवस्थेत स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेण्याची मुभा नव्हती. त्या घराण्यांतील मंडळी आपल्यात बसलेली असतात. कोणाच्याही कुळाचा उल्लेख करू नये, आणि त्या स्त्रियांविषयी दयेच्या सुरात बोलू नये.

परवानगी, प्रमाणपत्र आणि जागा

घरगुती वापरासाठी घेतलेल्या ओटीटी सदस्यत्वावर किंवा डिस्कवर सार्वजनिक खेळ करण्याचा हक्क मिळत नाही, तिकीट लावले नाही तरीही. म्हणून चित्रपटाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे लेखी परवानगी मागावी. जुन्या चित्रपटांच्या बाबतीत राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे चौकशी करण्यापासून सुरुवात करता येते, कारण पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 2022 पासून त्यातच विलीन झाले आहे. परवानगी मिळाली नाही, तर सभासदांनी तो चित्रपट आपापल्या घरी पाहून यावे आणि बैठकीत फक्त चर्चा करावी. ही सोय अनेकदा अधिक चांगली ठरते, कारण ज्यांना शय्यादृश्य सासूशेजारी बसून पाहायचे नसते त्यांची त्यात सुटका होते.

प्रमाणपत्र आधी पाहून घ्यावे. 'ए' प्रमाणपत्राच्या चित्रपटाला अठरा वर्षांखालील कोणालाही बसू देऊ नये, मग ती सभासदाची मुलगी असली तरी. 2023 च्या दुरुस्तीनंतर 'यूए' वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग झाले आहेत.

जागा वाचनालयाचीच उत्तम. देवस्थानच्या सभागृहात हा विषय घेऊन कोणाला अडचणीत टाकू नये. वेळ दुपारी तीनची ठेवावी, म्हणजे दिवेलागणीपूर्वी आणि शेवटची कदंब बस जाण्यापूर्वी सर्वांना घरी पोहोचता येते. चतुर्थी, शिगमो आणि गावच्या जत्रेचे दिवस वगळावेत. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा बॅटरीची सोय असावी.

बोलण्याची रीत

पहिला नियम असा, की बोलायचे ते पात्राविषयी, स्वतःविषयी नव्हे. 'तुमच्या बाबतीत असे कधी झाले का' हा प्रश्न कोणीही कोणालाही विचारू नये, सूत्रधाराने तर मुळीच नाही. एखादी बाई आपणहून स्वतःचे काही सांगू लागली, तर ऐकून घ्यावे, सल्ला देऊ नये, आणि ती थांबली की पुन्हा चित्रपटाकडे यावे. लहान गावात खोलीत बोललेले शब्द संध्याकाळपर्यंत बाजारात पोहोचतात, ही भीती खरी आहे. तिला उत्तर म्हणून गुप्ततेच्या आणाभाका पुरत नाहीत, बोलणे पात्रांपुरते ठेवणे पुरते.

दुसरे, आरंभीचे दोन-तीन महिने बैठक केवळ स्त्रियांची ठेवावी. आपल्याकडे याला आधार आहे. पौषात मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या गावातल्या जागेवर, धालो हा बायकांचा गाण्या-नाचाचा खेळ खेळताना स्त्रिया पुरुषांना दूर ठेवतात, वेषांतर करतात, नवऱ्यांची आणि दिरांची नक्कल करतात, आणि एरवी ज्या तोंडातून असे शब्द निघणार नाहीत त्या तोंडांतून त्या रात्री बिनधास्त गाणी निघतात. ज्या आजीने हे सारे केले आहे ती या विषयावर बोलायला सर्वांत कमी बुजते, असा माझा अनुभव आहे. तिलाच पहिल्यांदा बोलायला सांगावे. मंडळ स्थिरावल्यावर पुरुषांना बोलवावे, कारण त्यांनी ऐकल्याशिवाय या चर्चेचा अर्धा उपयोग वाया जातो. मात्र पुरुष आल्यावर पहिली वीस मिनिटे स्त्रियांनी बोलावे, हा नियम जाहीर करून पाळावा. 'अशा चित्रपटांमुळे कुटुंबे मोडतात' असे कोणी म्हटले, तर त्याला गप्प करू नये. 'या चित्रपटातले कुटुंब नेमके कोणत्या प्रसंगात मोडले, तो प्रसंग सांगा' असे म्हणावे. प्रसंग शोधताना माणसाला पुन्हा चित्रपट आठवावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो मोडण्याचा क्षण बाईच्या इच्छेच्या कितीतरी आधी सापडतो.

शब्दांचा संकोच असतो, तो हळूहळू जातो. आरंभी 'त्या प्रसंगात', 'तिला जे वाटले ते' असे बोलले तरी चालू द्यावे. सूत्रधाराने मात्र संभोग, इच्छा, तृप्ती, जबरदस्ती हे शब्द सहज आणि न हसता वापरावेत. संमती आणि जबरदस्ती यांतला फरक जिथे धूसर केला आहे, तिथे चित्रपट कितीही जुना आणि आवडता असला तरी तो फरक स्पष्ट करावा. नायिका 'नाही' म्हणते आणि नायक पाठलाग करतच राहतो, मग गाण्याच्या शेवटी ती हसते, या प्रकाराला प्रेम म्हणून सोडून देऊ नये. 'कुंकू' पाहिलेल्या मंडळाला हे समजावणे कठीण जाणार नाही.

ज्यांना बोलायचे नसते त्यांच्यासाठी कागदाचे तुकडे आणि एक डबा ठेवावा. नाव न लिहिता प्रश्न किंवा मत लिहून टाकावे, आणि सूत्रधाराने पुढच्या बैठकीत ते वाचावे. त्याच दिवशी वाचले तर अक्षर कोणाचे आणि कोण किती वेळ लिहीत बसले होते, हे ओळखू येते. प्रत्येक चित्रपटानंतर दोन जणींनी मिळून एक पानभर टिपण लिहावे. त्यात कथा सांगू नये. कोणता प्रसंग दोनदा पाहिला, त्यात काय दिसले आणि कशावर एकमत झाले नाही, एवढेच असावे. एखाद्या महिन्यात टिपणाऐवजी 'अस्तित्व' किंवा 'भूमिका' यांचा वेगळा शेवट लिहून आणायला सांगावे, ज्यात नायिकेला घरही मिळते आणि स्वतःचे मनही गमवावे लागत नाही. हे लिहिणे किती अवघड आहे ते कळले, की पटकथाकाराच्या अडचणीही समजतात आणि त्याच्या पळवाटाही.

ऑक्टोबरपर्यंत निम्मे चित्रपट पाहून झाले असतील, अशा बेताने वर्ष आखावे. म्हणजे नोव्हेंबरात पणजीला महोत्सव भरेल तेव्हा इंडियन पॅनोरमाची यादी हातात घेऊन, त्या वर्षीच्या नव्या चित्रपटांपैकी स्त्री दिग्दर्शकांचे आणि स्त्रीकेंद्री कथांचे दोन किंवा तीन निवडता येतात, प्रतिनिधी म्हणून वेळेत नोंदणी करता येते, आणि खेळानंतर दिग्दर्शक प्रेक्षकांशी बोलायला उभे राहतात तेव्हा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर का थांबला नाही, हे त्यांनाच विचारता येते.